निळं पाणी, काळं पाणी

डिसेंबर २०१७. एका टेनिस स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात आलेला रॉजर फेडरर जवळच्या एका बेटावर गेला, जमिनीवर जवळजवळ आडवा झाला आणि एका छोट्या प्राण्यासोबत सेल्फी काढून आला. फोटोत दोघंही हसतायत. तो प्राणी म्हणजे क्वोक्का. मांजराएवढा, गोल कानांचा, कांगारूच्या कुळातला. त्याच्या तोंडाची ठेवणच अशी की तो कायम खुशीत असल्यासारखा दिसतो. इंटरनेटने त्याला 'जगातला सगळ्यात आनंदी प्राणी' करून टाकलं आणि त्याच्या बेटावर जगभरातून लोक फोन घेऊन जायला लागले.

त्या बेटाचं नकाशावरचं नाव रॉटनेस्ट. ताईचा पहिला व्हॉट्सॲप मेसेज होता, "ये तू, आपण क्वोक्का सेल्फी काढू." ताई म्हणजे माझी मावसबहीण, बरीच वर्षं पर्थला राहते. मी गेले, फेरीत बसले, सेल्फीही काढला. पण त्या दिवशी परत येताना माझ्या फोनमध्ये जे फोटो होते आणि डोक्यात जे होतं, त्यांचा एकमेकांशी काही मेळ बसत नव्हता. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

अर्ध्या तासाचं अंतर

रॉटनेस्टला जायला फ्रीमँटल बंदरातून फेरी मिळते. साधारण १९ किलोमीटर समुद्र, अर्धा तास. बेट तसं लहान आहे, ११ किलोमीटर लांब आणि १९ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचं. पर्यटनाच्या माहितीपत्रकात ६३ किनारे मोजलेले असतात. खासगी गाड्यांना बंदी, त्यामुळे सगळे सायकलवर. पाणी इतकं पारदर्शक की पायाखालची वाळू, प्रवाळाचे खडक, मासे सगळं वरूनच दिसतं. पश्चिमेच्या टोकाकडे गेलात तर खडकांमध्ये फर सील पाठीवर लोळत, एक पंख वर काढून तरंगताना दिसतात. कड्यांवर मासेमार गरुडांची, म्हणजे ऑस्प्रेची घरटी आहेत. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत हंपबॅक देवमासे पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परतताना बेटाजवळून जातात. मध्यभागी खाऱ्या पाण्याची तळी आहेत, समुद्रापेक्षाही खारट. त्यांच्या काठावर पक्षी टिपायला लोक दुर्बिणी लावून बसतात.

आणि क्वोक्का. तो रात्री हिंडणारा प्राणी आहे, दिवसा झुडपाखाली झोपतो. पण वस्तीजवळचे क्वोक्के माणसांना इतके सरावलेत की भर दुपारी सायकलच्या चाकाशी येऊन उभे राहतात. त्यांना हात लावायचा नाही आणि खायला घालायचं नाही, कायदाच आहे तसा. आपण पोटावर झोपायचं, फोन पुढे धरायचा आणि वाट बघायची. कुतूहल वाटलं की तो स्वतःच फ्रेममध्ये येतो.

एकेकाळी हा प्राणी मुख्य भूमीवरही भरपूर होता. मग युरोपियन लोकांनी शिकारीच्या हौसेसाठी लाल खोकडं आणली, ज्यांना आपण सरसकट कोल्हे म्हणतो. ती खंडभर पसरली. मांजरं आली, जंगलं तुटली. मुख्य भूमीवर आज क्वोक्काचे लहान लहान, एकमेकांपासून तुटलेले कळप उरलेत आणि तो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. रॉटनेस्टवर मात्र खोकड कधी पोचलंच नाही. तिथे आज अंदाजे आठ ते बारा हजार क्वोक्के आहेत. मधल्या १९ किलोमीटर पाण्याने त्यांना वाचवलं.

हे पाणी लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच पाण्याची आहे.

उंदरांचं घरटं

हे पाणी तिथे कायमचं नव्हतं. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीपर्यंत रॉटनेस्ट हा मुख्य भूमीचाच भाग होता. हिमयुग सरलं, समुद्र चढत गेला आणि किनाऱ्यावरची उंच टेकाडं बेटं होऊन बसली. बेटावर दगडाची हत्यारं सापडली आहेत. म्हणजे पाणी येण्याआधी इथे माणसं वावरत होती.

ती माणसं म्हणजे आजच्या नूंगार लोकांचे पूर्वज. पर्थच्या आसपासच्या नूंगार गटाला वाजुक म्हणतात. त्यांच्या भाषेत या बेटाचं नाव वाजेमप. पाण्यापलीकडची, आत्म्यांची जागा असा त्याचा अर्थ सांगतात. जॉर्ज फ्लेचर मूर नावाच्या वसाहतीतल्या एका वकिलाने १८४२ मध्ये नूंगार शब्दांचा कोश छापला. त्यात त्याने लोकांकडून ऐकलेली एक हकीकत नोंदवली आहे: ही बेटं एकेकाळी जमिनीला जोडलेली होती, तिथे दाट झाडी होती, तिला आग लागली, जमीन प्रचंड आवाज करत दुभंगली आणि समुद्र मधे घुसला. त्या काळी युरोपात कुणाला हिमयुगानंतर चढलेल्या समुद्राचा नीट हिशेब माहीत नव्हता. इथे मात्र पिढ्यानपिढ्या तोंडी ती आठवण जपली गेली होती.

नूंगार लोकांकडे समुद्रात जाणाऱ्या होड्या नव्हत्या. त्यामुळे पाणी आल्यावर वाजेमपला जिवंत माणसांनी जाणं थांबलं. पश्चिमेला, सूर्य बुडतो तिकडे, क्षितिजावर ते दिसत राहिलं. मेल्यानंतर जायची जागा म्हणून.

मग डच आले. १६५८ मध्ये सॅम्युएल फोल्कर्सन हा दर्यावर्दी एका फुटलेल्या जहाजातली माणसं शोधत इथे आला. त्याने उदमांजरासारखा एक प्राणी पाहिल्याचं लिहून ठेवलं. १६९६ च्या डिसेंबर अखेरीस विलेम द फ्लामिंग आला. तोही हरवलेलं जहाज शोधत होता. त्याला क्वोक्के भलेमोठे उंदीर वाटले आणि त्याने बेटाला नाव दिलं 'रॉटेनेस्ट', उंदरांचं घरटं. बेट त्याला फार आवडलं होतं, पण नाव पडलं ते असं. गंमत म्हणजे 'क्वोक्का' हा शब्द नूंगार भाषेतला आहे. म्हणजे प्राण्याला स्थानिकांनी दिलेलं नाव टिकलं आणि बेटाला मात्र परक्याच्या गैरसमजाचं नाव चिकटलं.

पहिले दहा

१८२९ मध्ये इंग्रजांनी स्वान नदीकाठी वसाहत वसवली. तेच पुढे पर्थ आणि फ्रीमँटल झालं. जमिनी वाटल्या गेल्या, कुंपणं पडली. ज्या जमिनीवर नूंगार लोक शिकार करायचे, कंद खणायचे, ती एका रात्रीत कुणाची तरी मालमत्ता झाली. मग संघर्ष अटळ होता. यागन हा नूंगारांचा एक मोठा लढवय्या. त्याला १८३२ मध्ये दोन साथीदारांसह कार्नाक नावाच्या छोट्या बेटावर हद्दपार केलं गेलं. महिनाभराने तिघंही एक होडी घेऊन निसटले. पुढच्याच वर्षी यागनला ठार मारण्यात आलं. पण आदिवासींना बेटावर नेऊन ठेवायची कल्पना मागे उरली.

ऑगस्ट १८३८ मध्ये पहिले दहा आदिवासी कैदी रॉटनेस्टवर आणले गेले. बेटावर तेव्हा रॉबर्ट थॉमसन नावाचा एक गोरा शेतकरी कुटुंबासह राहत होता. काही काळातच कैद्यांपैकी काहींनी त्याची होडी पळवून सुटायचा प्रयत्न केला. तरी तुरुंग हटला नाही, वाढला. १८४१ मध्ये कायदा करून बेटाला आदिवासींसाठीचा अधिकृत तुरुंग ठरवण्यात आलं.

या तुरुंगामागचा युक्तिवाद वाचताना मला अस्वस्थ व्हायला झालं, कारण तो दयाळूपणाच्या भाषेत लिहिलेला आहे. मुख्य भूमीवर त्यांना साखळदंडात ठेवावं लागतं. बेटावर समुद्रच भिंत असल्याने ते मोकळे फिरू शकतील, शेती शिकतील, सुसंस्कृत होतील, असं म्हटलं गेलं. रविवारी कैद्यांना बेटावर हिंडून शिकार करायची मुभाही होती. शिकार कसली? क्वोक्काची. म्हणजे आज ज्या झुडपांपाशी आपण फोन धरून पडतो, तिथे आठवड्यातून एक दिवस ही माणसं घरच्यासारखं काहीतरी खायला मिळावं म्हणून फिरत होती. उरलेले सहा दिवस मजुरी.

पहिला प्रदीर्घ काळ टिकलेला अधीक्षक हेन्री व्हिन्सेंट. त्याच्या क्रूरपणाबद्दल तक्रारी झाल्या, चौकशी झाली. मधली काही वर्षं सोडली तर तो १८६० च्या दशकापर्यंत पदावर राहिला. त्याच्या हाताखाली कैद्यांनी दगड फोडले, चुना भाजला, मीठ गोळा केलं, शेतं नांगरली. समुद्राची भिंत, अधिकाऱ्यांची घरं, टेकडीवरचा १८४९ मध्ये बांधून झालेला पहिला दीपगृहाचा मनोरा, सगळं त्यांनी उभं केलं. गव्हर्नरसाहेबांना उन्हाळ्यात हवापालट करायला बंगला हवा होता, १८६४ च्या सुमारास तोही त्यांनीच बांधला. बेटावरच्या वस्तीत शिरल्यावर जी फिक्या पिवळ्या रंगाची देखणी घरं दिसतात आणि जिच्यासमोर प्रत्येक जण फोटो काढतो, ती ही.

क्वॉड

त्याच सुमारास कैद्यांकडून त्यांचाच नवा तुरुंग बांधून घेतला गेला. त्याला क्वॉड म्हणतात. मधे मोकळं अंगण, भोवती अनेक बाजूंची भिंत आणि भिंतीला लागून कोठड्या. कोठडी साधारण तीन मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद. मुंबईतल्या एखाद्या छोट्या स्वयंपाकघराएवढी. त्यात पाच-पाच, कधी त्याहून जास्त माणसं.

१८७० नंतर मेंढपाळ आणि गुरंवाले गोरे उत्तरेकडे सरकले: मर्चिसन, गॅसकॉइन, पिलबारा, किंबर्ली. किंबर्ली पर्थपासून दोन हजार किलोमीटरवर आहे. पाणवठ्यांवर गुरं आली, कांगारू गेले. भुकेल्या माणसांनी गायबैलांवर भाले फेकले. तो गुन्हा ठरला. मालकाचं काम सोडून पळणं हाही गुन्हाच. माणसांच्या गळ्यात साखळ्या घालून त्यांना ओळीने कैक मैल चालवत बंदरावर आणायचे. तिथून जहाज. मग फ्रीमँटलच्या राउंड हाउसमध्ये काही दिवस. तिथून होडीने बेट.

राउंड हाउस अजून आहे. १८३१ मध्ये पुरी झालेली ही गोलसर दगडी इमारत फेरीच्या धक्क्यापासून चालत जाण्याएवढी जवळ. तिच्या समोरून समुद्र बघितला की स्वच्छ हवेत बेटाची रेघ दिसते. मी तिथे उभी राहून विचार करत होते. ज्या माणसाने आयुष्यात समुद्र बघितलेला नाही, ज्याचं गाव दोन हजार किलोमीटर मागे राहिलंय, ज्याला इथल्या पहारेकऱ्याची भाषा येत नाही आणि बाजूच्या कैद्याचीही येत नाही, त्याला ही रेघ कशी दिसली असेल? नूंगार कैद्याला तर माहीत होतं ती काय आहे ते. ती मेलेल्यांची जागा होती आणि त्याला तिथे जिवंतपणी नेत होते.

आकडे असे आहेत. १८३८ पासून १९३१ पर्यंत सुमारे चार हजार आदिवासी पुरुष आणि मुलगे या बेटावर कैदेत होते. सगळ्यात लहान आठ वर्षांचे, सगळ्यात मोठे सत्तरीचे. १८८० च्या दशकात एका वेळी दीडशेहून जास्त माणसं क्वॉडमध्ये कोंबलेली होती. १८८३ मध्ये साथ आली, इन्फ्लुएंझाची. थंडी, ओल आणि गर्दी तिच्या मदतीला होतीच. सुमारे साठ जण गेले. सर्व्हेअर जनरल जॉन फॉरेस्टच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. पण तुरुंग त्यानंतरही वीस वर्षं चालू राहिला. १९०४ मध्ये तो कागदोपत्री बंद झाला. 'कागदोपत्री' म्हणायचं कारण असं की मजूर म्हणून कैदी १९३१ पर्यंत इथे होते.

मेलेल्यांची संख्या किमान ३७३. पाच जणांना फाशी दिली गेली, बहुतेक बाकीचे आजाराने गेले. त्यांना क्वॉडच्या मागच्या झाडीत पुरलं. कबरींवर दगड नाही, नाव नाही. नोंदवहीत नावं आहेत, पण इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी. काहींना कुठलंतरी इंग्रजी टोपणनाव देऊन मोकळे झालेत. त्यामुळे आज किंबर्लीतल्या एखाद्या कुटुंबाला आपला पणजोबा त्या यादीत शोधायचा असेल तर तो सहज सापडत नाही.

सुट्टीचं बेट

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. तुरुंगाबद्दल नाही म्हटलं तरी आपण वाचलेलं असतं. साम्राज्यांनी तुरुंग बांधले, यात नवीन काय? नवीन आहे ते त्यानंतरचं.

तुरुंग बंद करायचं ठरल्यावर सरकारने बेटाचं सहलीचं ठिकाण करायचं ठरवलं. रस्ते, झोपड्या, राहायच्या सोयी करायला मजूर लागणार होते. ते होतेच, कैदी. म्हणजे जागा आपल्यासाठी तुरुंग असतानाच ते ती इतरांसाठी हॉलिडे रिसॉर्ट बनवत होते. १९१७ मध्ये बेटाला राखीव क्षेत्राचा सर्वोच्च दर्जा मिळाला. निसर्गासाठी ते चांगलंच झालं, क्वोक्का त्यामुळेही टिकला. आणि क्वॉड? त्याचं वसतिगृह झालं. पुढे हॉटेल. मधल्या भिंती पाडून दोन-तीन कोठड्यांची एक खोली केली. पलंग, पडदे, बाथरूम. पर्थमधल्या पिढ्यानपिढ्यांनी तिथे उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या, हनिमून केले, शाळेच्या परीक्षा संपल्याच्या पार्ट्या केल्या.

शेजारच्या झाडीत, कबरींच्या वर, तंबूंचं मैदान झालं. लोक खुंट्या ठोकत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदकामात माणसांची हाडं निघाली. १९८० च्या दशकात आदिवासी संघटनांनी हा प्रश्न लावून धरला, मग दफनभूमी अधिकृतपणे मान्य झाली, नंतर रडारने जमीन तपासली गेली. तरी तंबू पूर्णपणे हटायला २००७ उजाडलं. क्वॉडमधलं हॉटेल चालू राहिलं ते मे २०१८ पर्यंत.

२०१८. ही तारीख मी क्वॉडबाहेरच्या फलकापाशी मोठ्याने वाचली आणि ताई एकदम गप्प झाली.

"काय गं ताई?"

"आम्ही राहिलोय इथे," ती म्हणाली. "सोळा साली. मुलं लहान होती."

तिला खोली आठवत होती. भिंती जाड होत्या, आत गार वाटायचं, बाहेर एवढं ऊन असून एसीची गरज पडली नव्हती. मुलं अंगणात बॉल खेळली होती. तिने फोनमध्ये मागे मागे जात फोटो शोधून काढला: दारात दोन पोरं, हातात आइस्क्रीम, मागे जाड पांढरी भिंत.

"कुणीच सांगितलं नव्हतं का?" मी विचारलं.

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगदीच कुणी नाही असं नाही. कुठेतरी एक पाटी होती, जुना तुरुंग म्हणून. मला वाटलं, हेरिटेज प्रॉपर्टी. छान वाटलं होतं उलट."

मला तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं. 'माहीत नव्हतं' म्हणणं सोपं होतं. तिला थोडं माहीत होतं, आणि त्या थोड्याचा अर्थ काय हे विचारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. सुट्टीवर गेलेल्या माणसावर ती वेळ येऊ नये अशीच सगळी व्यवस्था असते. जागा सुंदर असली की हे फार सहज होतं. इतकं निळं पाणी समोर असताना इथे काहीतरी भयंकर घडलं असेल, असं मनातच येत नाही.

आपलं काळं पाणी

ताईला दोष द्यायच्या आधी मी स्वतःकडे बघितलं. कॉलेज संपल्यावर मी अंदमानला गेले होते. पॅकेज टूर. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी रॉस बेट, तिसऱ्या दिवशी हॅवलॉकचा राधानगर किनारा. आता रॉसला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात आणि हॅवलॉकला स्वराज द्वीप. रॉसवर इंग्रजांच्या पडक्या बंगल्यांमध्ये हरणं फिरतात, पर्यटकांच्या हातातलं बिस्किट खातात. मी भरपूर फोटो काढले होते. ती हरणं तिथली नव्हेतच, इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलेली, हे मला नंतर कळलं.

पण अंदमान आणि वाजेमप यांच्यात एक फरक आहे. सेल्युलर जेलमध्ये कुणी हॉटेल काढलं नाही. १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीत मराठी घरांतून कोण कोण गेलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. 'काळं पाणी' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या मनात ती कोठडी उभी राहते. तिथे आपण चपला काढून, आवाज खाली करून फिरतो. कारण सोपं आहे: तिथले कैदी 'आपले' होते आणि स्वातंत्र्यानंतर देश त्यांच्या वारसांच्या हाती आला. वाजेमपच्या कैद्यांच्या वारसांच्या हाती देश आला नाही. तो ज्यांनी तुरुंग बांधून घेतला त्यांच्या वारसांकडेच राहिला. कोणत्या तुरुंगाचं स्मारक होतं आणि कोणत्याचं हॉटेल, हे बहुतेक वेळा याच गोष्टीवर ठरतं.

आणि आपलाही हिशेब पूर्ण नाही. १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरची वसाहत वसली तेव्हा ती बेटं रिकामी नव्हती. ग्रेट अंदमानी लोक तिथे राहत होते. १८५९ मध्ये त्यांनी धनुष्यबाण घेऊन इंग्रजांवर हल्ला केला, बंदुकांपुढे हरले, आणि नंतरच्या दशकांत बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांची संख्या हजारांवरून मूठभरांवर आली. माझ्या पॅकेज टूरच्या गाइडने त्यांचं नाव घेतलं असेल तर मला आठवत नाही. जहाजाने आणलेल्या कैद्यांची आठवण आपण ठेवली. जे आधीपासून तिथे होते, त्यांना विसरलो. वाजेमपवर कैदी आणि मूळ मालक हे एकच लोक होते, म्हणून विसरणं दुप्पट झालं.

मग जायचंच नाही का?

हा प्रश्न ताईने विचारला आणि तो रास्त आहे. इतिहास वाचला की असा एक अपराधी मूड येतो. तो दोन दिवस टिकतो आणि त्याचा कुणालाच उपयोग होत नाही.

नूंगार लोक स्वतः 'येऊ नका' म्हणत नाहीत. बेटावर आता नूंगार मार्गदर्शकांबरोबर चालता येतं. ४५ किलोमीटरची पायवाट बेटभर फिरते, तिचं नावच वाजेमप बिडी आहे. बिडी म्हणजे वाट. म्युझियममध्ये तुरुंगाचा इतिहास मांडलेला आहे. दफनभूमीभोवती आता हद्द आखलेली आहे, ती ओलांडायची नाही. क्वॉडचं पुढे काय करायचं यावर ज्यांचे पूर्वज तिथे होते त्या समाजांशी सल्लामसलत झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कानाकोपऱ्यातून आदिवासी ज्येष्ठ मंडळी बेटावर जमली आणि त्यांनी शोकविधी केले. दूरच्या समाजांतल्या ज्या आत्म्यांना घरची वाट सापडली नव्हती त्यांच्यासाठी. शंभर-सव्वाशे वर्षांनी का होईना, कुणीतरी त्यांना न्यायला आलं.

आणि क्वोक्के आहेतच. त्यांचा यात काहीच दोष नाही. त्यांना बघून मला खरोखर आनंद झाला, तो मी नाकारणार नाही. पण तो आनंद मला जिथे मिळाला तिथे तो का मिळू शकला, हे आता माहीत आहे. मधल्या पाण्यामुळे खोकड आलं नाही, म्हणून क्वोक्का वाचला. त्याच पाण्यामुळे माणसं पळू शकली नाहीत, म्हणून तिथे तुरुंग झाला. आणि पुढे त्याच पाण्यामुळे बेट गाड्याघोड्यांपासून, शहरापासून अलग राहिलं, म्हणून ते सुट्टीला छान वाटतं. या तिन्ही गोष्टी एकाच १९ किलोमीटरने केल्या. एक घ्यायची आणि बाकी दोन सोडायच्या असं नाही करता येत.

बेटावर पोचल्यावर करायची एक साधी गोष्ट तिथे सांगतात. किनाऱ्यावर जायचं, मूठभर वाळू उचलायची, मनात आपलं नाव आणि गाव सांगायचं आणि ती वाळू परत किनाऱ्यावर सोडायची. तिथल्या आत्म्यांना आपण कोण ते कळवायचं, म्हणजे अनोळखी माणसाने घरात शिरताना हाक मारायची, तसं. आम्ही सकाळी फेरीतून उतरलो तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हतं. संध्याकाळी परतीच्या फेरीला वीस मिनिटं होती तेव्हा केलं. उलट्या क्रमाने, निघताना. ताईने वाळू उचलली आणि बराच वेळ मुठीत धरून उभी राहिली.

फेरीत बसल्यावर तिने तो जुना फोटो पुन्हा उघडला. "डिलीट करू का गं?" तिने विचारलं.

मला सुचेना. मुलं गोड दिसत होती. भिंतही दिसत होती.

"नको," शेवटी तीच म्हणाली. "मोठा आता तेरा वर्षांचा आहे. घरी गेल्यावर त्याला दाखवते आणि सांगते, हे दार कशाचं होतं ते."